अथेन्सची तयारी करताय? हॉटेलच्या मेसेजपासून जपा

ग्रीसमध्ये हॉटेलच्या खोलीवर सरकारी कर लागतो. हवामान बदलामुळे होणाऱ्या नुकसानीसाठी २०२४पासून तो घेतात आणि २०२५मध्ये तो वाढला. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तीन तारे असलेल्या हॉटेलला एका खोलीचे एका रात्रीचे ५ युरो, चार ताऱ्यांना १०, पाच ताऱ्यांना १५. बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो, हॉटेलवर पोचल्यावर वेगळा भरायचा असतो. ही माहिती आम्हाला नीट होती, आणि चोरांनाही होती. आमचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

आम्ही दोघं ऑक्टोबरात अथेन्सला जाणार होतो. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिणेला कुकाकी नावाची वस्ती आहे. पर्यटकांच्या आवडत्या प्लाका वस्तीइतकी गर्दी नाही, मेट्रो जवळ, अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय चालत गाठता येतं. तिथलं तीन ताऱ्यांचं हॉटेल एका मोठ्या बुकिंग अ‍ॅपवरून घेतलं होतं, पैसे तिथे गेल्यावर देण्याच्या बोलीवर. एखादा दिवस ट्रामने समुद्रावर ग्लिफाडाला जायचं, एक दिवस पिरेअसहून बोटीने एजिना बेटावर, असा साधा बेत. तिकिटं काढून झाली होती आणि शेंगेन व्हिसाची (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फाईल नुकतीच जमा केली होती.

ती फाईल ज्यांनी केली आहे त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. बँकेची स्टेटमेंटं, किमान ३०,००० युरोंचा विमा, रोजचा कार्यक्रम आणि राहण्याच्या प्रत्येक रात्रीचं बुकिंग. माणशी ९० युरो फी भरलेली, पासपोर्ट व्हिसावाल्यांच्या ताब्यात. अशा वेळी हॉटेलचं बुकिंग रद्द झालं तर? वकिलातीने नेमकी तेव्हाच हॉटेलकडे चौकशी केली तर? मनात हेच चाललेलं असताना मेसेज आला, की हवामान कर आगाऊ भरून कार्ड पडताळून घ्या, नाहीतर १२ तासांत बुकिंग आपोआप रद्द होईल.

हा मेसेज एसएमएसने किंवा अनोळखी नंबरवरून आला असता तर प्रश्नच नव्हता. तो आला अ‍ॅपच्या आत, हॉटेलशी आमचं बोलणं चालू होतं त्याच खिडकीत. वर लिफ्टबद्दल आम्ही विचारलेलं होतं, त्याखाली हॉटेलने दिलेलं खरं उत्तर होतं आणि त्याखाली हे. आमची नावं, तारखा, खोलीचा प्रकार सगळं बरोबर. इंग्रजीही स्वच्छ, एक चूक सापडेल तर शपथ. रकमेचा हिशोबही जुळत होता, एकूण २५ युरो.

हे कसं जमतं ते नंतर समजलं. चोर अ‍ॅपमध्ये शिरत नाहीत, हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या संगणकात शिरतात. पाहुण्याची तक्रार असल्याचं भासवून हॉटेलला ईमेल जातो, कर्मचारी त्यातली लिंक उघडतो आणि हॉटेलच्या खात्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागतो. मग तो हॉटेल बनून त्यांच्या सगळ्या पाहुण्यांना लिहीत बसतो.

मेसेजमधल्या लिंकवर अ‍ॅपचं नाव होतं, पण पुढे एक आडवी रेघ आणि आणखी अक्षरं जोडलेली. पत्त्यात सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे असतं तो खरा मालक, सुरुवातीला काहीही लिहिता येतं. फोनच्या अरुंद पट्टीत तो भाग दिसतही नाही. पान उघडलं तर हॉटेलचा फोटो, वर उलटं धावणारं घड्याळ आणि कोपऱ्यात मदतीला तत्पर माणूस. माझ्या क्रेडिट कार्डाचे आकडे भरल्यावर पान गोल फिरत राहिलं आणि मदतनीस म्हणाला, तुमची बँक अडवतेय, दुसरं कार्ड वापरून बघा. मग नवऱ्याचं डेबिट कार्ड. थोड्याच वेळात माझ्या फोनवर बँकेचा मेसेज वाजला: कुठल्याशा अनोळखी दुकानाच्या नावे सुमारे ९४ हजार रुपये. ओटीपी विचारलाच नाही. परदेशी व्यवहारात तो येईलच असं नसतं. नवऱ्याचं कार्ड वाचलं, कारण त्यावर परदेशी व्यवहार बंद होते. माझ्या कार्डावर विमानाच्या तिकिटांसाठी चालू केले होते आणि तसेच राहिले होते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एक बटण असतं, मर्यादाही ठरवता येते. काम झालं की ते बंद करा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

कार्ड ताबडतोब बंद केलं, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सरकारी सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. इथे मिनिटं मोजावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः तपशील दिले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणजे आधी फोन, घरातली वादावादी मागाहून. आमच्या बँकेने पहिल्या उत्तरात हाच नियम पुढे केला. बुकिंग अ‍ॅपवाल्यांनी ‘पेमेंट आमच्यामार्फत झालेलं नाही’ म्हणून हात झटकले. त्यांच्याच खिडकीत मेसेज आला होता, याचा मला अजून राग आहे.

उपयोगी पडलं हॉटेलचं पत्र. त्यांच्या वेबसाइटवरच्या फोनवर बोलले तेव्हा कळलं, आधीच बऱ्याच पाहुण्यांनी फोन केले होते. बुकिंग शाबूत होतं. ‘आमचं खातं चोरीला गेलं होतं, ही रक्कम आम्ही मागितलेली नाही’ असं त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं आणि मेसेजच्या स्क्रीनशॉटांसह बँकेच्या वादग्रस्त व्यवहाराच्या अर्जाला जोडलं. असं कुणाचं झालं तर हे पत्र पहिल्याच दिवशी मागा. आणि स्क्रीनशॉट तर त्याहून आधी, कारण पुढे तो मेसेज अ‍ॅपमधून गायब झाला.

अथेन्सचे नेहमीचे भामटे याच्यापुढे किरकोळ वाटतात. मोनास्तिराकी चौकात मनगटावर दोरा बांधून पैसे मागणारे, विमानतळाच्या मेट्रोतले पाकीटमार, सिंतग्मा चौकात एकट्या पुरुषाशी गोड बोलून बारमध्ये नेणारे आणि मग भलंमोठं बिल पुढे करणारे. त्यांच्याबद्दल जो तो बजावतो. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट मात्र सरकारी साइटवरूनच काढा. प्रवेशाची वेळ आधी ठरवावी लागते, आणि अनेक स्थळांचं जुनं एकत्रित तिकीट २०२५च्या एप्रिलपासून बंद आहे. ते विकायला कुणी आलं तर न थांबता पुढे चालू लागा.

पैशांचं अजून अधांतरी आहे. बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. त्या अर्जातही सगळ्यात वर हॉटेलचं पत्रच लावलंय.