जुन्या वाड्यात बाटल्या खणायचा "ठेका" देणाऱ्यापासून सावध राहा (ग्वाल्हेर)

मंडळी, आपल्या ग्वाल्हेरात सध्या एक माणूस फिरतोय जो पाडायला काढलेल्या वाड्यांच्या परसात खणायचा "ठेका" विकतो. आमच्याकडून त्याने १८,००० घेतले, अर्धे कॅश अर्धे यूपीआयने, आणि जमिनीतून निघाल्या त्या नव्या बाटल्या, त्यानेच पुरून ठेवलेल्या. ज्यांना जुन्या बाटल्यांचा, नाण्यांचा नाद आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण तो नेमका अशाच लोकांना गाठतो.

आधी थोडं आमच्याबद्दल. मित्राच्या जनकगंजच्या घरी सेप्टिक टँकसाठी खड्डा घेतला तेव्हा राखेच्या थरात औषधाच्या बाटल्या निघाल्या, काचेतच डोसच्या रेघा उठवलेल्या, आणि एक गडद निळी सहा कोनांची बाटली, अंगावर उभे कंगोरे, म्हणजे अंधारात नुसता हात लागला तरी कळावं की आत विष आहे. तेव्हापासून आम्ही दोस्त सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या परसात विचारून खणतो. आपल्याकडे असा माल निघणारच, दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये पडला त्यातून शहरातला लश्कर हा भाग वसला, मुरारला १८८६ पर्यंत इंग्रजांची छावणी होती, आणि कचऱ्याची गाडी काही दारात येत नव्हती, जे फुटलं ते मागच्या खड्ड्यात.

हा माणूस आम्हाला महाराज बाडा चौकाजवळ चहाच्या टपरीवर भेटला, आमचं बोलणं ऐकून स्वतःच जवळ आला. "मलबे का ठेका मेरा है भाई साहब, मालिक तो इंदौर में रहते हैं." दुसऱ्या दिवशी लश्करातल्या एका अर्धवट पाडलेल्या वाड्यात घेऊन गेला, कुलूप त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं, मजूर त्याला नमस्कार करत होते, मग कोणाला काय वाटणार. म्हणाला आधी फुकट खणून बघा, काही निघालं तरच पैसे द्या. त्याने दाखवलेल्या कोपऱ्यात हातभर खाली गेलो तर दोन गोटी सोड्याच्या बाटल्या, अख्ख्या, अंगावर इंग्रजी अक्षरं. संध्याकाळपर्यंत पैसे दिले. जाताना त्याने पिशवीतून एक गर्द जांभळी बाटली काढली, "इसी गड्ढे की है", ती वेगळे पैसे घेऊन आतेभावाच्या गळ्यात मारली.

पुढच्या वेळी गेलो तर त्याच भागात आणखी गोटी बाटल्या, सगळ्या एकाच उंचीच्या, एकाच हिरव्या झाकेच्या. बाकीचं परस खणलं तर नुसती विटांची चुरी. इथेच माझ्या मित्राचं डोकं चाललं. तो म्हणाला, अरे फुटकं काहीच कसं नाही? खऱ्या खड्ड्यात फुटकंच जास्त असतं, कपबशीचे तुकडे, हाडं, कोळसा, गंजके खिळे, आणि अख्खी बाटली नशिबाने. त्यातून गोटीची बाटली तर अख्खी मिळणं आणखी कठीण. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आत गॅसच्या दाबाने गोटी वर येऊन रबराच्या रिंगला घट्ट बसते, झाकण लागतच नाही. पण रिकामी बाटली कारखान्याला परत जायची, तीच पुन्हा भरायचे, आणि जी परत जायची नाही ती पोरं गोटीसाठी फोडायची. मग इथे कोणी अख्ख्या बाटल्या ओळीने का पुरेल?

मातीही बघा. न हललेल्या जमिनीत थर दिसतात, राखेचा काळा, मग पिवळी माती, मग मुरूम, आणि खुरपं अडकतं. इथे सगळा रंग एकत्र मिसळलेला आणि खुरपं तुपात गेल्यासारखं जात होतं. हे त्या कोपऱ्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण तो शेजारी उभा राहून सतत बोलत होता, इंग्रज अफसर इथे राहायचा वगैरे.

मग आम्ही बाटली धुवून नीट बघितली. तोंडाच्या आत खाचेत रबराची रिंग होती, ती मी बोटाने दाबली तर दबली आणि परत वर आली. शंभर वर्षं मातीत पडलेलं रबर असं राहत नाही, ते कडक होतं, चिरतं, हात लावला की गळून पडतं. वरची पांढरट झाक सगळीकडे अगदी एकसारखी होती, बहुतेक ॲसिडने आणलेली. खरी पुरलेली काच डागाडागांनी खराब होते, कुठे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, कुठे पापुद्रे सुटतात आणि नखाने निघतात. आणि ती जांभळी बाटली! काच रंगहीन दिसावी म्हणून जुन्या काळी तिच्यात मँगनीज घालायचे, अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर जांभळी होते. उन्हात. खड्ड्यात गाडलेल्या बाटलीला ऊन कुठून लागणार? अशा बाटल्या हल्ली रेडिएशन देऊनही गर्द जांभळ्या करतात, त्यामुळे रंग जितका भडक तितकी शंका घ्या.

खात्री करायला बाटली एका गोटी सोडावाल्या काकांकडे नेली. त्यांनी हातात फिरवली, मग गाडीखालचा क्रेट ओढून तसलीच बाटली आमच्यासमोर ठेवली, तोच काचेचा रंग, तीच रिंग. फक्त अंगावर इंग्रजी अक्षरं नव्हती, ती आमच्या बाटलीवर वेगळ्या साच्याने आणलेली, कडा बोथट. गोटीच्या बाटल्या भारतात अजून बनतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्याच्यावरच या माणसाचं पोट चाललंय.

यानंतर जे कळलं त्याने जास्त राग आला. वाड्याच्या मालकिणबाई इंदौरला नव्हत्याच, इथेच मुलीकडे राहतात, मित्राच्या आईच्या भजनी मंडळातून त्यांचा पत्ता मिळाला. ताईंनी कोणालाच खणायची परवानगी दिलेली नव्हती. हा माणूस पाडकाम करणाऱ्यांकडे मुकादम होता, तेवढ्यापुरती किल्ली हातात. बिचाऱ्या ताई आम्हालाच विचारत होत्या की माझ्या सासऱ्यांच्या घरात अजून काय काय चाललंय.

पैसे परत मागितले तर त्याने उलट धमकावलं. म्हणाला १८७८ चा गाडलेल्या खजिन्याचा कायदा आहे, कलेक्टरला कळवलं नाही म्हणून तुम्हीच आत जाल. कायदा खरा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, त्यामुळे ऐकणारा घाबरतो आणि गप्प बसतो. आमच्या वकील काकांनी सरळ सांगितलं, नुकत्याच कारखान्यातून आलेल्या बाटल्या पुरणं हा खजिना नव्हे, ही फसवणूक आहे. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू म्हणजे किमान शंभर वर्षं जुनी, आणि तिचा धंदा करायला लायसन्स लागतं, ते त्याच्याकडे मागा. मागितलं, त्याने फोन बंद केला. यूपीआयचं खातंही दुसऱ्याच कुणा बाईच्या नावावर निघालं.

म्हणून कोणी जागा दाखवून पैसे मागितले तर मालकाशी स्वतः बोला, मालमत्ता कराची पावती बघा, आणि कुठे खणायचं ते तुम्ही ठरवा, त्याला ठरवू देऊ नका. तो म्हणेल त्या कोपऱ्यापासून चार हात लांब खणायला गेलात की त्याचा चेहरा बघा.

आम्ही आणि ताईंनी मिळून ठाण्यात अर्ज दिलाय. परवा मुरारच्या एका ओळखीच्याला फोन आला, "अंग्रेज़ों के टाइम का बंगला है, पीछे खुदाई करवा दूँगा". त्याने मालकाचा नंबर मागितला तर फोन कट. नंबर नवा होता, बोलण्याची पद्धत तीच. अर्जाची कॉपी माझ्याकडे आहे, अजून कोणाचे पैसे गेले असतील तर कळवा, एकत्रच जाऊ.