लहान घर की मोठे घर?

मोठ्या घराचा खर्च खरेदीच्या दिवशी संपत नाही. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतले, तर व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षाही अधिक होते. म्हणजे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या, एरवी बंदच असणाऱ्या खोलीसाठी तिच्या मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात, आणि रंगकाम, झाडलोट, वीज हे खर्च वेगळेच. अशा बंद खोलीत कपाटामागे आलेली ओल भिंतीचे पोपडे सुटेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. लहान घरात रोजचा वावर सगळीकडे असल्याने ती लवकर दिसते आणि दुरुस्ती थोडक्यात आटोपते.

एकांताच्या बाबतीत मात्र मोठे घर निर्विवाद सरस आहे. अभ्यास करणारी मुले, घरून काम करणारे पालक आणि विश्रांतीची गरज असलेले आजी-आजोबा एकत्र राहत असतील, तर लहान घरात प्रत्येकाच्या वेळा सांभाळणे ही रोजची कसरत ठरते. सामानाची अडचण त्या मानाने किरकोळ, कारण त्यातले निम्मे बहुधा अनावश्यकच असते.

माझ्या मते दोघा-तिघांच्या कुटुंबाने लहान घर घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून कामाच्या ठिकाणाजवळची जागा निवडावी.