मागून रॅम्प असलेली गाडी आणि तीन सफारी पार्क: आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये गाडी दारात आली, आज नोव्हेंबर. लेक नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर. तोवर त्याला उचलूनच सीटवर बसवायचो, पण आता तो तीस किलोंचा झालाय आणि माझी कंबर बोलायला लागलीय. मागून रॅम्प खाली येतो, खुर्ची तशीच आत ढकलायची, चार पट्ट्यांनी जमिनीला जखडायची, वर त्याचा स्वतःचा सीटबेल्ट. गाडी ब्रिटनमधल्या मोटॅबिलिटी योजनेवर घेतली, म्हणजे त्याच्या डीएलएच्या (अपंगत्वासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या) पैशांतून भाडेपट्ट्याने. अशा नव्या गाडीचा करार पाच वर्षांचा असतो. तेव्हा नीट बघून घ्या. आमचं बघायचं काय राहिलं, ते सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला राहतो. या आठ महिन्यांत ब्यूडलीजवळचं वेस्ट मिडलंड, मग वोबर्न, आणि सासूबाई सांगलीहून आल्यावर लाँगलीट असं फिरलो. प्राणिसंग्रहालयात याला गर्दीत माणसांच्या पाठीच दिसतात. सफारी पार्कात सगळेच आपापल्या गाडीत बसलेले, त्यामुळे हा काही वेगळा पडणार नाही, असा आमचा हिशोब होता.

पहिल्याच फेरीत तो हिशोब फसला. वेस्ट मिडलंडचा रस्ता साधारण चार मैलांचा. आम्ही पुढून ओरडतोय, "तो बघ गेंडा! अरे, जिराफ बघ!" आणि मागे शांतता. झोपला असेल म्हणून वळून पाहिलं, तर जागाच होता, मान वाकडी करून खाली बघत होता. घरी आल्यावर मी स्वतः त्या खुर्चीत बसून पाहिलं. खुर्चीतला माणूस साध्या सीटपेक्षा बराच उंच बसतो. खिडकीची काच माझ्या हनुवटीशी संपत होती, डोळ्यांसमोर नुसता छताचा करडा पत्रा. म्हणजे पोराने चार मैल गवत आणि पाय बघितले. गाडी दाखवायला घरी आलेल्या माणसाने डोक्यावरची जागा मोजली, रॅम्पचा चढ मोजला. मुलाला बाहेरचं काय दिसेल, हे त्यालाही सुचलं नाही आणि आम्हालाही नाही.

आता आम्ही सफारीच्या गेटाआधी, गाडीतळावरच त्याला दोघं मिळून मधल्या सीटवर घेतो आणि रिकामी खुर्ची मागे बांधतो. आत शिरल्यावर गाडीतून उतरायचं नसतं, सिंह-वाघांच्या भागात काचाही बंद, त्यामुळे नंतर काही बदलता येत नाही. वोबर्नला त्याने पहिल्यांदा वाघाचं तोंड पाहिलं. तसं फार काही बोलला नाही. घरी येईपर्यंत मात्र दर दहा मिनिटांनी गुरगुरत होता.

दुसरी अडचण टॉयलेटची. साधी अपंगांसाठीची टॉयलेट सगळीकडे असतात, पण आमच्या मुलाचे कपडे आडवं झोपवून बदलावे लागतात आणि बाळांच्या फळीवर तो कधीच मावेनासा झालाय. त्याला 'चेंजिंग प्लेसेस' खोली लागते: मोठ्या माणसाला पुरेल असा बाक, उचलायला होइस्ट, किमान बारा चौरस मीटर जागा. अशा खोल्यांसाठीची मोहीम 2006 पासून चालू आहे आणि खोल्यांचा नकाशा ऑनलाइन मिळतो. तरीही फोन करूनच निघा. एके ठिकाणी (नाव लिहीत नाही, माणसं भली होती) खोली होती, पण होइस्टवर "बंद आहे" असा कागद चिकटवलेला. शेवटी नवऱ्याचा कोट फरशीवर पसरला. तो कोट आता त्याच कामाला गाडीत असतो. सफारीच्या रांगेत शिरण्याआधी टॉयलेट उरकाच. गर्दीच्या दिवशी आत दोन-तीन तास सहज जातात.

लाँगलीट 1966 मध्ये सुरू झालं, आफ्रिकेबाहेरचं गाडीतून बघायचं पहिलं सफारी पार्क. तिथे माकडांचा भाग वगळून जायला वेगळा रस्ता आहे. भाड्याच्या गाडीचं रबर कुरतडलं तर काय घ्या, म्हणून आम्ही तिकडेच वळत होतो, पण सासूबाईंना माकडं बघायचीच होती. निघाली ऱ्हीसस, म्हणजे भारतातलीच लाल तोंडाची. एक बॉनेटवर बसून आत टकामका बघायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, यांच्यासाठी विमानानं आले होय मी?" लेक इतका हसला की त्याला ठसका लागला. अख्ख्या वर्षात त्याला सगळ्यात जास्त आवडलेला प्राणी तोच, कारण तो काचेला नाक लावून थेट त्याच्याकडे बघत होता.

तिकिटाचं म्हणाल तर सोबतच्या मदतनिसाला सवलत मिळते का, हे आधी विचारा आणि डीएलएचं पत्र फोनमध्ये ठेवा. आमच्याकडे अपंगांना मिळणारा ब्लू बॅज आहे, पण तो मुळात पार्किंगसाठीचा.

गाडीवर मी राजी आहे का? शाळा, दवाखाना, किराणा यांसाठी हो, अगदी. फक्त घेण्याआधी मुलाच्या खुर्चीत तुम्ही बसा आणि खिडकीतून बाहेर बघा. लांब काचेच्या गाड्याही मिळतात, आम्ही रंग बघत बसलो.

त्याला खुर्चीतून सीटवर घेऊन खुर्ची बांधायला मार्चमध्ये वीस मिनिटं लागायची, आता सात लागतात. पाऊस असला तर छत्री धरायला तिसरं माणूस हवं, आणि सासूबाई सप्टेंबरात सांगलीला परत गेल्या.