घरशाळेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : दोन वर्षं वापरून झाल्यावर

माझी लेक तिसरी आणि चौथी घरीच शिकली. त्यासाठी आम्ही एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला होता. त्यात रोजचे व्हिडिओ धडे, गणिताचा सराव, वाचनाचं ग्रंथालय, दर महिन्याला प्रयोगांची एक पेटी आणि आठवड्यातून एकदा इतर मुलांबरोबर व्हिडिओवर भेट असं सगळं होतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आधी आणखी दोन सेवा चाचणीपुरत्या वापरून पाहिल्या होत्या, त्यांची मांडणीही जवळपास अशीच होती.

ग्रंथालयाला माझे पूर्ण गुण. लेक सावकाश वाचते. वर्गात तिची पाळी आली की दुसऱ्या ओळीत ती अडखळायची आणि मागून कुणीतरी पुढचा शब्द सांगून टाकायचं. घरी तिच्या आधी कुणी बोलत नव्हतं. मुंग्यांवरचं एक छोटं पुस्तक तिला अकरा दिवस पुरलं. पेटीतलं भिंग घेऊन ती दाराशी पालथी पडून असायची. एका दुपारी हाक मारून म्हणाली, "आई, ह्या मेलेल्या मुंगीला नेतायत, पण खायला नाही गं, बाहेर टाकायला!" हे पुस्तकात नव्हतं, तिनं पाहिलं होतं. शाळेचा तास एवढा वेळ देऊ शकत नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी आजही घरशाळेच्या बाजूनं बोलते.

गणितात मात्र माझी घोर निराशा झाली. पालकांच्या पानावर अपूर्णांकांचा विभाग हिरवागार दिसत होता, ९२ टक्के. एकदा सहज विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? "एक चतुर्थांश. चार मोठा ना!" पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी शेजारी बसले तेव्हा कळलं. 'सूचना'चं बटण तीनदा दाबलं की उत्तर जवळजवळ समोरच येतं, आणि त्याचे गुण कापले जात नाहीत. सहा आठवडे ती तेच करत होती. मग मी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. चाराची घडी तिला लगेच जमली, तिनाची दोनदा चुकली. शेवटी एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जास्त जणांत वाटलं की प्रत्येकाला कमी येतं." दहा मिनिटांचं काम होतं.

जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकानं १९६४ साली वर्गातल्या मुलांबद्दल हेच लिहिलं होतं. मुलं प्रश्नाचा विचार करण्याऐवजी शिक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडतात, कारण त्यांना चुकण्याची भीती वाटते. पुढे शाळा सुधारण्याची आशा सोडून त्यांनी १९७७मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढलं. माझी लेक तर घरातच बसली होती. चेहऱ्याच्या जागी बटण आलं, एवढाच फरक.

साप्ताहिक भेटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चाळीस मिनिटं, आठ चौकोन, सगळ्यांचे आवाज बंद. हिनं हात वर केला की तिची पाळी येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. घरशाळा म्हटलं की "मुलं मिसळणार कशी?" हे सगळेच विचारतात. मिसळायला मैदानावर, नातेवाइकांत मुलं मिळतात हो. पण आज जिच्याशी कट्टी झाली तिच्याच शेजारी उद्या बसायचं, हे कुठल्याही भेटीत मिळालं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट कंपनीच्या हातातलीच नव्हती. शिकवणारी मी, तपासणारी मी, रागावणारीही मी. शाळेतून आलेलं मूल बाईंची तक्रार आईकडे करतं. माझ्या लेकीनं ती कुणाकडे करायची? चौथीच्या मध्यावर ती धडा चालू असताना गप्प गप्प राहायला लागली, आणि त्याचं कारण विचारणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. घराबाहेरचं एक मोठं माणूस मुलाला रोज बघतं, ही शाळेची केवढी मोठी गोष्ट आहे ते मला तेव्हा समजलं. २०२०मध्ये शाळा बंद झाल्यावर अमेरिकेत मुलांच्या छळाच्या तक्रारी घटल्या, छळ थांबला म्हणून नव्हे, तर तो ओळखून कळवणारे शिक्षक मुलांना रोज बघत नव्हते म्हणून. प्रेमळ घरातल्या मुलालाही असं दुसरं माणूस हवंच.

जाहिरातीत 'जगात कुठेही चालेल' असं लिहिलं होतं. त्यावर विसंबून पैसे भरू नका. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, आणि २००६मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानंही तिथल्या पालकांचा अर्ज फेटाळला. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवलं की चालायचं, सप्टेंबर २०२२पासून आधी परवानगी लागते. इंग्लंडच्या कायद्यात शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' शिक्षण चालतं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत मुभा आहे, पण कुठे कळवावंही लागत नाही, तर कुठे दरवर्षी मूल्यमापन द्यावं लागतं.

आता लेक सरकारी शाळेत पाचवीत आहे. गणित आणि व्हिडिओ भेट मी बंद केली, ग्रंथालय चालू ठेवलंय. तेवढंच वेगळं घेता येतं, पण तो पर्याय संकेतस्थळावर सापडत नाही, मदत विभागाला लिहून मागावा लागतो. पूर्ण अभ्यासक्रम घेणार असाल तर पहिला महिनाभर मुलाच्या शेजारी बसा. सूचना किती वेळा वापरल्या तो आकडा पालकांच्या पानावर तिसऱ्या टॅबमध्ये तळाशी असतो, तो आधी बघा, टक्के नंतर. आणि मावशी, आजोबा, शेजारच्या काकू, कुणीही असो, आठवड्यातले दोन दिवस तरी शिकवणं त्यांच्याकडे सोपवा आणि त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.