पहिल्या पिढीची होंडा सिटी १.५ व्हीटेक: घरी रिस्टोर करून गोव्याचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

निसान सिल्व्हिया, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ या जपानी स्पोर्ट्‌स गाड्या भारतात कंपनीने कधी विकल्या नाहीत, आणि तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी बाहेरून आणायला नियम आडवे येतात. म्हणून गोव्यात घरच्या शेडमध्ये खरोखर उभी करता येईल अशी जपानी स्पोर्टी गाडी शोधायची, तर पहिलं नाव पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचं निघतं. १९९८ साली ती इथे आली, २००० साली तिला १.५ व्हीटेक (वरच्या वेगात व्हॉल्व्ह जास्त उघडणारं) इंजिन मिळालं आणि २००३ मध्ये तो आकार बंद झाला. १४९३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८४.५ मिमी, १०६ बीएचपी. चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन वर खेचायला लागलं की इतक्या जुन्या गाडीवर एवढी मेहनत का घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

गाडीचं काम मृगापूर्वी पुरं झालं होतं. पूर्ण पावसाळा, चतुर्थीची धावपळ आणि नंतरचा उन्हाळा असा वापर झाल्यावर हे लिहितो आहे. मत आधीच सांगतो: गोव्यात या गाडीचं इंजिन हा सोपा भाग आहे. गाडी टिकणार की नाही हे ठरतं बंद पोकळ्यांमधल्या पत्र्यावर आणि अर्थिंगवर (बॅटरीच्या निगेटिव्हच्या बॉडी-इंजिनाशी असलेल्या जोडण्यांवर), म्हणजे रंग मारल्यावर जे दिसतच नाही त्यावर.

सुरुवात मागच्या मडगार्डच्या कडेपासून करा. चाकावरच्या कमानीत बाहेरचा आणि आतला पत्रा एकमेकांवर दुमडलेला असतो. त्या दुमडीत तांबडी माती शिरते आणि पावसाळाभर ओली राहते, त्यात समुद्राकडचा खारा वारा. बाहेरून रंगाला मुगाएवढा फुगवटा दिसला तर आत बोटभर पत्रा गेलेला आहे असंच धरा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. पत्रा दबला तर तो कापायचा, त्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) लावण्यात अर्थ नाही. नवा तुकडा ०.८ मिमीच्या पत्र्याचा, मिग वेल्डिंगला ०.६ मिमीची तार. सलग वेल्ड ओढला तर पत्रा तापून वाकतो. म्हणून दोन-अडीच सेंटिमीटरवर टाके घ्यायचे, एक इकडे तर पुढचा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या जागा पत्रा गार झाल्यावर भरायच्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवा, ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढा. पत्रे जिथे एकावर एक बसतात तिथे आधी वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर.

जिथे पत्रा जाड आहे आणि गंज वरवरचा आहे तिथे फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर चालतो. पण सुटा गंज वायर ब्रशने काढून, तेलकटपणा पुसून मगच लावायचा. कन्व्हर्टर गंजाशी रासायनिक क्रिया करतो. गंजाच्या सुट्या पापुद्र्यावर लावला तर पापुद्र्यासकट निघून येतो. पुरेसा वाळल्यावर टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचं, अंदाजाचं नाही. पुट्टी नेहमी इपॉक्सीच्या वर घाला. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, त्यामुळे उघड्या पत्र्यावर ती घातली की पहिल्या पावसाळ्यातच खालून गंज सुरू होतो. डेंटर-पेंटरकडे घाईत झालेल्या कामाचे फुगे बहुतेक याच कारणाने येतात.

आमच्या हवेत इपॉक्सी कधी मारायचं हाही मोठा प्रश्न आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास जातो. सावलीतला पत्रा हवेइतकाच गार असतो, म्हणजे काठावरचीच परिस्थिती. रंगावर पांढुरकी झाक येते आणि पकड कच्ची राहते. फेब्रुवारीत सकाळी अकराला हवा ३१ आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू २० च्याही खाली असतो. रंगकाम जानेवारी ते मार्चमध्येच उरका. अकरा ते तीन ही वेळ धरा. संध्याकाळी खाडीकडून ओल चढायला लागली की रंगाची गन खाली ठेवा.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते कॅव्हिटी वॅक्सने, म्हणजे पोकळ्यांच्या आत फवारायच्या गंजरोधक मेणाने. दाराखालच्या पट्टीच्या पोकळीत, मागच्या कमानीच्या आत, दारांच्या तळाशी आणि डिकीच्या झाकणाच्या कडेला चहूबाजूंनी फवारणाऱ्या लांब नळीने ते मारलं. कंपनीची रबरी बुचं काढली की नळी आत जाते, नवीन भोकं पाडावी लागत नाहीत. दोन दिवसांनी ३ मिमीची तार प्रत्येक ड्रेन होलमधून फिरवून भोक मोकळं करायला विसरू नका. वॅक्सने भोक बुजलं तर दारात पाणी साचतं आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच घडतं. पावसाळ्यानंतर बुचं काढून टॉर्चच्या उजेडात बघितलं तेव्हा पट्टीच्या आत वॅक्सचा थर मेणचट आणि अखंड होता. ज्या एका कोपऱ्यात नळी पोचली नव्हती तिथे मात्र नारिंगी पूड दिसली. याउलट बाहेरून खालच्या अंगाला मारतात ते काळं रबरी कोटिंग मी कुणालाच सुचवणार नाही. आधीच्या मालकाने मारलेल्या कोटिंगमध्ये चीर पडली होती. तिच्यातून पाणी आत गेलं, बाहेर निघालं नाही, आणि खरवडल्यावर वरून गुळगुळीत दिसणारा पत्रा खालून चाळणी झालेला निघाला.

पुढच्या काचेखालच्या जाळीतले निचरेही बघा. आंब्या-फणसाखाली गाडी उभी राहिली की पानं कुजून निचरा बुजतो, पाणी ब्लोअरमधून डाव्या पायाशी उतरतं. गालिच्याखालचा फोम ते पाणी महिनाभर धरून ठेवतो. गालिचा वरून कोरडा लागला तरी हाताने दाबून बघायचा.

आता वायरिंग. या काळातल्या होंडात 'गाडी गरम असताना स्टार्ट होत नाही, तासाभराने होते' ही तक्रार आली की पेट्रोल पंप बदलायला धावू नका. चावी ऑन केल्यावर चेक इंजिन दिवा दोनेक सेकंद लागून विझतो आणि तेवढा वेळ मागून पंपाची घरघर ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर पहिला संशय डॅशबोर्डखालच्या मेन रिलेवर, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या स्विचवर. रिले उघडून सर्किट बोर्ड भिंगाखाली धरा. जाड पायांभोवतीच्या सोल्डरमध्ये अंगठीसारखी बारीक चीर दिसते. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत ती चीर रुंदावते आणि संपर्क तुटतो. जुनं सोल्डर शोषून काढून नवं भरलं की काम झालं. नुसतं वरून तापवलं तर तोच बिघाड काही आठवड्यांत परत येतो.

अर्थिंगला मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब. थर्मोस्टॅटच्या घरावर बसणारी अर्थ पट्टी हमखास हिरवी पडलेली असते. घासून, घट्ट बसवून, वरून व्हॅसलीन. पावसाळ्यात आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होण्याचं दुखणं यानेच थांबलं, कुठलाही सेन्सर बदलावा लागला नाही.

ट्यूनिंग म्हणजे एअर फिल्टर आणि मोठा सायलेन्सर, असा समज आहे. या इंजिनाला आधी मूळ मापांवर आणा. फरक तिथेच जाणवतो. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन आणि इंजेक्टर तोडलेले, अशा स्थितीत कॉम्प्रेशन मोजा. डी-सिरीजला (होंडाच्या या इंजिन कुटुंबाला) ९३० किलोपास्कल म्हणजे १३५ पीएसआयच्या खाली नको आणि सिलिंडरांत २०० किलोपास्कलपेक्षा जास्त तफावत नको. ते ठीक असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, ३८ अंशांच्या खाली, म्हणजे आमच्याकडे सकाळी लवकर. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी, सिलिंडरांचा क्रम १-३-४-२, क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. फीलर गेज सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे. टॅपेटचा आवाज नको म्हणून एक्झॉस्ट घट्ट करून ठेवणारे फिटर आहेत. आवाज जातो खरा, पण व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, गार होत नाही आणि जळतो. हलका टिकटिक आवाज असू द्या. त्याच वेळी इनटेकचा मधला रॉकर बोटाने दाबून बघा, तो शेजारच्या दोघांशिवाय मोकळा हलला पाहिजे.

व्हीटेक लागत नाही असं वाटलं तर आधी ऑइलची पातळी बघा. ऑइलच्या दाबावर चालणारी ती यंत्रणा आहे; ऑइल कमी असेल तर दाब पुरत नाही आणि इंजिन गार असेल तर ईसीयू ती लावतच नाही. मग सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह): रोध १४ ते ३० ओहम. त्याच्या खालची जाळीदार गॅस्केट काढली की जाळीवर काळा गाळ सापडतो, आणि सिलिंडर हेडच्या बाजूने ऑइल झिरपत असेल तर तीही बहुधा हीच गॅस्केट. चेक इंजिन दिवा लुकलुकून कोड २१ देत असेल तर सोलेनॉइडची वायर, २२ देत असेल तर प्रेशर स्विच.

टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदला. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात. नवा बेल्ट बसल्यावर क्रँक पाच-सहा फेरे उलट दिशेने फिरवा, एक नंबर सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर) आणा, टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा, कॅम पुलीचे तीन दात पुढे जाईपर्यंत क्रँक फिरवा आणि बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला कसा. टेन्शनरला हाताने जोर लावून ताण वाढवू नये. बेल्ट रडतो आणि पंपाचं बेअरिंग जातं. सिलिंडर हेड काढलंच असेल तर ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असल्यावरच घासून घ्यायचं, आणि ०.२ मिमीच्या पुढे अजिबात नाही. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात चोख करून मिळतं.

पेट्रोल आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंजिन चालतं, मायलेज थोडं उतरतं, पण खरा त्रास जुन्या रबरी पाइपांना होतो. इंजेक्शनच्या दाबाला चालणारा, इथेनॉल सोसणारा आर-९ दर्जाचा पाइप टाका आणि क्लॅम्पही इंजेक्शनचेच घ्या. टाकीतला जुना गाळ इथेनॉलने सुटतो, म्हणून पहिला पेट्रोल फिल्टर लवकर बदला. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी करू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतो. टाकी भरलेली ठेवा किंवा गाडी आठवड्याला चालवा.

कूलिंगमध्ये विहिरीचं पाणी चालणार नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, आणि थर्मोस्टॅटजवळच्या बोल्टमधून हवा काढायची. ब्रेकच्या कॅलिपर पिना खाऱ्या हवेने अडकतात, वर्षातून एकदा काढून सिलिकॉन ग्रीस. पार्टसाठी म्हापसा-मडगावची दुकानं सर्व्हिसच्या मालापुरती ठीक आहेत. दिवे, दारांचे रबर, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) यांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. वापरलेला डिस्ट्रिब्युटर घेताना शाफ्ट हलवून बघा आणि झाकण काढा. आत ऑइल दिसलं तर सील गेलेलं आहे, तो घेऊ नका.

पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते. चॅसी नंबरवर रंग किंवा कोटिंग चढू देऊ नका, तिथे कागद चिकटवून ठेवा. मोठं इंजिन बसवण्याचा मोह झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. आरसी बुकात नसलेलं इंजिन घालून फिरता येत नाही. मूळ १.५ वर ही गाडी पुरेशी जोरात पळते. तो पैसा मागच्या कमानींच्या पत्र्यात घाला, आणि त्यातही डावी बाजू आधी उघडा: रस्त्याच्या कडेचा चिखल तिच्यावरच जास्त उडतो.