मेडिकल कोडिंगचा क्लास: शिकवणी एक नंबर, पुस्तकं जुनी

दारव्हा-दिग्रसकडचे बीएस्सी, डीफार्म झालेले पोट्टे विचारून राहिले का तालुक्यातला हा क्लास लावू का नागपूरले जाऊ, म्हणून लिहितो. लावा. मेडिकल कोडिंग म्हणजे डॉक्टरच्या नोटमधला आजार अन् इलाज बिलासाठी ठरलेल्या कोडात लिहायचं काम. सरांनी स्वतः अमेरिकेतल्या क्लिनिकचं कोडिंग केलं आहे अन् त्यांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर, डॉक्टरनं नोटमध्ये लिहिलं तेवढंच कोड करायचं, आपली डॉक्टरकी लावायची नाही.

एक ओपीडीची नोट दिली होती, खोकला, ताप, खाली 'रूल आऊट न्यूमोनिया', म्हणजे न्यूमोनिया तर नाही ना ते तपासा. अर्ध्या वर्गानं न्यूमोनियाचा कोड टाकला. सरांनी तिथंच थांबवलं, ओपीडीत संशय कोड होतच नाही, खोकला अन् तापच टाकायचा, नाहीतर त्या माणसाच्या रेकॉर्डवर नसलेला न्यूमोनिया बसते. भरती पेशंटचा नियम वेगळा, तिथे डिस्चार्जले 'प्रोबेबल', म्हणजे बहुतेक हाच आजार, असं लिहिलं असलं तर चालते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिसली म्हणून शुगर धरायची नाही, डॉक्टरले क्वेरी टाकायची, म्हणजे लेखी विचारायचं. मनगटाच्या फ्रॅक्चरमध्ये एस५२.५०१ उजवा, ५०२ डावा, एक आकडा चुकला का हातच बदलला! अन् या कोडच्या शेवटी लागणारा 'ए' म्हणजे पहिली भेट असं लय जण धरतात, ते चूक, ए म्हणजे इलाज चालू, प्लास्टर बदलाले आला तर 'डी', म्हणजे बरं होतानाची भेट.

व्हिजिटचे कोडही मस्त घेतले. जुन्या पेशंटच्या भेटीले ९९२१३ टाकायचा का त्याच्या वरचा ९९२१४, हे २०२१ पासून डॉक्टरचा निर्णय किती अवघड होता यावर नाहीतर वेळेवर ठरते, वेळ धरली तर १३ ले कमीत कमी २० मिनिटं, १४ ले ३०. वर चढवला तर खोटं बिल, खाली उतरवला तर डॉक्टरचं नुकसान, सर दोन्हीले सारखेच मार्क कापतात, हे मले लय पटलं.

आता तक्रार. पुस्तकाच्या झेरॉक्स जुन्या आहेत. खोकल्याचा कोड त्यात नुसता आर०५ छापला आहे, तो ऑक्टोबर २०२१ पासून चालत नाही, आर०५.९ असं पुढे आकडा लागते, नाहीतर क्लेम, म्हणजे विम्याले पाठवलेलं बिल, परत येते. आयसीडी, म्हणजे आजाराचे कोड, दर ऑक्टोबरले बदलते, सीपीटी, म्हणजे व्हिजिट अन् इलाजाचे कोड, जानेवारीले, अन् सीपीसी या कोडरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, १०० प्रश्न ४ तास, पुस्तक उघडून द्यायची असते, मग जुनी झेरॉक्स घेऊन पोरानं काय करावं? एवढी बारकाईनं शिकवणी अन् पुस्तकाकडे काहून दुर्लक्ष, हे खरंच खटकते.

फी हप्त्यानं घेतात, लाइट गेली तरी तास बंद होत नाही. पाचपैकी चार स्टार. पैसे भरायच्या आधी कोणत्या सालचं पुस्तक देता ते विचारा, अन् जुनं असलं तर दोघातिघांनी मिळून नवं मागवा.