आदर्कीचा घाट हवा की मिरज जंक्शन? एन आणि एचओ मापांची तुलना

घरात छोटी रेल्वे मांडायचं ठरलं की पहिला प्रश्न मापाचा येतो, आणि बहुतेक जण खोलीकडे बघून उत्तर देतात. जागा कमी असेल तर एन (खऱ्या गाडीच्या १६० पट लहान), ऐसपैस असेल तर एचओ (८७ पट लहान). मला हा क्रम उलटा वाटतो. आधी डोळ्यांसमोर कोणती गाडी आणि कोणती जागा उभी राहते ते ठरवा, माप त्यातून आपोआप निघेल. एकदा माप धरलं की इंजिन, डबे, रूळ, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), इमारती, फलाटावरची माणसं, सगळं त्याच मापाचं घ्यावं लागतं. पुढे मन बदललं तर कंट्रोलर आणि वायर सोडून फारसं काही कामाला येत नाही.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागाला उदाहरणंही शोधावी लागत नाहीत. एकीकडे सातारा जिल्ह्यातला आदर्की ते वाठार हा घाट: वळणं, बोगदे, आणि डोंगराच्या कुशीतून जाणारी लांबच लांब गाडी. दुसरीकडे मिरज जंक्शन: यार्ड, शंटिंग (डबे जोडणं-तोडणं), फलाटांची गर्दी. पहिलं हवं असेल तर एन घ्या, दुसरं हवं असेल तर एचओ. का, ते खालच्या आकड्यांतून कळेल.

| | एचओ | एन |
|---|---|---|
| प्रमाण | १:८७ | १:१६० |
| दोन रुळांमधलं अंतर | १६.५ मिमी | ९ मिमी |
| आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा, बफरसह (खरा २२.३ मी.) | २५.६ सेंमी | १३.९ सेंमी |
| डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिन (खरं १७.१ मी.) | १९.७ सेंमी | १०.७ सेंमी |
| इंजिन आणि ६ डबे | १७३ सेंमी | ९४ सेंमी |

आपला प्रवासी डबा लांब असतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. सुरुवातीच्या एचओ सेटमध्ये येणारं वळण साधारण ३६ ते ४४ सेंमी त्रिज्येचं असतं. त्यावर युरोपातल्या आखूड मालडब्यांची गाडी झकास फिरते, पण २५ सेंमीचा डबा त्याच वळणावर आला की त्याचं पोट आत आणि टोकं बाहेर लोंबतात. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी, हा छंदातला जुना ठोकताळा आहे आणि तो डोळ्यांना पटतोही. त्या हिशेबाने एचओला ७७ सेंमी त्रिज्या लागते. म्हणजे नुसतं वळून परत यायलाच दीड मीटरच्या वर रुंदी हवी. प्लायचा पूर्ण शीट ८ फूट बाय ४ फुटांचा असतो, त्यावर हे बसत नाही. ५० सेंमीच्या वळणावर तडजोड केली तर दोन्ही टोकांची वळणं वजा जाता सरळ रूळ उरतो साधारण १४० सेंमी. तेवढ्या फलाटाला एक इंजिन आणि चार डबे लागतात, बस्स. चार डब्यांची महालक्ष्मी एक्सप्रेस कोणाला बघवेल?

एनमध्ये तीच तिप्पट त्रिज्या ४२ सेंमी येते. ७ बाय ३ फुटांचा साधा फ्लश डोअर आणला, कडेला जेमतेम जागा सोडली, तर हे वळण त्यावर बसतं. सरळ भागात इंजिन आणि आठ डबे उभे राहतात. एचओच्या शीटपेक्षा पाट लहान, तरी गाडी दुप्पट लांब. चढाचंही तेच. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एचओमध्ये सात-साडेसात सेंमी उंची गाठावी लागते, एनमध्ये चार-साडेचार. अडीच टक्के चढ धरला तर एचओला तीन मीटरचा रस्ता लागतो, एनला पावणेदोन मीटरच्या आसपास. घाट करायचा असेल तर मला इथे दुसरा विचारच सुचत नाही. एनमध्ये गाडी डोंगरापुढे लहान दिसते आणि डोंगर डोंगर वाटतो. एचओमध्ये त्याच टेबलावर गाडी डोंगराएवढीच होऊन बसते.

आता मिरज. हे स्टेशन मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने किती श्रीमंत आहे, याची आपल्याकडेच पुरेशी जाण नाही. पुणे-मिरज मार्ग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला. लोंढ्याकडची लाइन त्यानंतरही बरीच वर्षं मीटरगेज होती. आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज होतीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभी केलेली ही लाइन १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. म्हणजे बरीच वर्षं एकाच गावात तिन्ही गेज नांदत होते.

हे तिन्ही गेज घरात मांडायचे तर एचओला पर्याय नाही, आणि यामागचं गणित मला फार आवडतं. नॅरोगेज ७६२ मिमी. त्याला ८७ ने भागलं की ८.८ मिमी येतात. एनचा रूळ ९ मिमीचा. म्हणजे एनच्या रुळावर, एनच्या चेसिसवर एचओ मापाचं शरीर चढवलं की बार्शी लाइटची गाडी तयार. बाहेर या प्रकाराला एचओई म्हणतात आणि त्यासाठी पेको कंपनी जाड, विरळ स्लीपरचा वेगळा ९ मिमी रूळ बनवते. मीटरगेजचे १००० मिमी म्हणजे एचओमध्ये ११.५, स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांसाठी बेमो कंपनीचा १२ मिमी रूळ मिळतो, तो चालतो. एनमध्ये असं करायला गेलं तर मीटरगेजला झेड या एनहूनही लहान मापाचा ६.५ मिमी रूळ कसाबसा जुळतो, पण नॅरोगेजला पावणेपाच मिमीचा रूळ लागतो आणि तो बाजारातून आणून अंथरावा असा विषय नाही.

ब्रॉडगेजबद्दल मात्र एक गोष्ट स्वीकारून पुढे जावं लागतं. १६.५ आणि ९ मिमीचे रूळ जगातल्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. एचओमध्ये तो १९.३ मिमी हवा, एनमध्ये १०.५. दोन्हीकडे रूळ सारख्याच प्रमाणात, सुमारे १४ टक्के, अरुंद पडतो. त्यामुळे यावरून निवड होत नाही. समोरून पाहिलं की गाडी किंचित उभट वाटते, बाजूने कळतही नाही. इथेच सावध करतो: ब्रिटिश हॉर्नबीचे सेट बहुतेक ओओ मापाचे, म्हणजे १:७६ चे असतात. रूळ तोच १६.५ मिमीचा, पण डबे एचओपेक्षा मोठे. एकाच रुळावर धावतात म्हणून एकत्र घेतले तर शेजारी उभे केल्यावर विजोड दिसतात.

मिळण्याच्या बाबतीत दोन्ही मापांत सांगली-साताऱ्यात दुकानात जाऊन निवडावं अशी परिस्थिती नाही. मागवावंच लागतं. भारतीय इंजिनं आणि डबे एचओमध्ये छोट्या उत्पादकांकडून थोडेफार मिळतात. एनमध्ये ते जवळजवळ स्वतःच घडवायचे: थ्रीडी प्रिंटचं शरीर आणि खाली जपानी किंवा अमेरिकी चेसिस. पण परदेशी गाडी चालत असेल तर एनचं दालन खूप मोठं आहे, विशेषतः जपानी काटो आणि टोमिक्सचं. काटोच्या युनिट्रॅकला खडीचा पाया जोडूनच येतो, रूळ खटकन जुळतात आणि तसेच सुटतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

किमतीबाबत एक गैरसमज असतो की एन लहान म्हणून स्वस्त. चांगलं एन इंजिन चांगल्या एचओ इंजिनाच्या फार खाली येत नाही. बारीक कामाला पैसे पडतातच. शिवाय खेळण्यांवरचा आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाला आणि २०२३ मध्ये ७०. बाहेरून मागवताना त्या दिवशीचा दर विचारून, टपालखर्च धरून बेरीज करा आणि मगच ऑर्डर द्या. खर्च खरा वाचतो तो देखाव्यात. तेच दृश्य एनमध्ये एक तृतीयांशाहून कमी क्षेत्रात बसतं, त्यामुळे प्लाय, खडी, झाडं, इमारती सगळंच कमी लागतं.

चालवण्याच्या सुखात एचओ पुढे आहे, यात मला शंका नाही. इंजिन जड असतं, चाकं रुळाला घट्ट धरतात, हळू चालतं आणि सांध्यावर अडखळत नाही. कॅडी कंपनीचे कपलर (डबे जोडणारे आकडे) आपल्या सीबीसीसारखे, म्हणजे खऱ्या डब्याच्या मधोमध असणाऱ्या कपलरसारखे जुळतात आणि रुळाखालच्या चुंबकावर हात न लावता सुटतात, त्यामुळे शंटिंगचा खरा खेळ इथे रंगतो. डीसीसी म्हणजे डिजिटल नियंत्रण घेतलं तर एचओ इंजिनात डिकोडरबरोबर (डिजिटल आज्ञा समजून घेणाऱ्या चकतीबरोबर) स्पीकरही नीट बसतो. अल्कोच्या, म्हणजे डब्ल्यूडीएम-३ए सारख्या डिझेल इंजिनाचा तो धडधडाट ऐकायचाच असेल तर त्याला थोडी पोकळी लागते, आणि एनमध्ये ती क्वचितच सापडते. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणखी एक विचार करावा: एनच्या चेसिसमधली वायर डागणं हे भिंगाखालचं काम आहे.

एनचं इंजिन हलकं, म्हणून धुळीला फार लवकर बिचकतं. आपल्याकडे गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांची काळी राख गच्चीवर आणि खिडकीत येऊन पडते, ती रुळावरही बसतेच. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. पितळ काळं पडतं, लोखंड पावसाळ्यात गंजतं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. एचओमध्ये हे काम अधूनमधून करून भागतं, एनमध्ये गाडी लावण्याआधी दर वेळी हात फिरवावा लागतो.

खडीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खडीच्या क्रशरवरची कच फुकटात मिळते, रंग अगदी आपल्या लाइनीचा, म्हणून ती चाळून वापरायचा मोह होतो. एचओला जाडसर कण चालतात, एनला चहाच्या गाळणीतून उतरलेले. पण आपला काळा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते मोटरच्या चुंबकाला चिकटून आत जातात. कच कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. जे उचललं जाईल ते टाकून द्या, मगच पातळ केलेला फेव्हिकॉल आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून बसवा. एनच्या मोटरजवळ फटी अगदी बारीक असतात, तिथे हे केल्याशिवाय चालणार नाही.

सांगलीकरांसाठी एक मुद्दा वेगळाच आहे. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात कुठवर आलं ते आपण पाहिलं आहे. तळमजल्यावर ८ बाय ४ चा एकसंध एचओ लेआउट बांधला तर तो जिन्यातून वर जात नाही. एचओच करायचं असेल तर ४ बाय २ फुटांचे तुकडे करा, बोल्टने जोडा, वायरिंगला प्रत्येक तुकड्यावर प्लग ठेवा. एनचा दरवाजा दोन माणसं उभा धरून वर नेतात. डबे आणि इंजिनं मूळ खोक्यांत, वरच्या मजल्यावर, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

हे खासकरून संग्रह करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. गाड्या जमवून कपाटात लावण्यातच ज्यांना आनंद आहे, त्यांना मी एचओ सुचवेन. दरवाजाचा दांडा, खिडकीची जाळी, इंजिनावरचा क्रमांक चष्म्याशिवाय दिसतो, आणि कपाटातली गाडी हातभर अंतरावरूनच पाहायची असते. महिन्यातून एकदा तरी प्रत्येक इंजिन दोन्ही दिशांना थोडं फिरवा, नाहीतर आतलं ग्रीस घट्ट होतं. जुनी, धातूच्या ओतीव शरीराची इंजिनं विकत घेताना भेगा आणि फुगवटा बघा. जस्ताच्या मिश्रधातूत अशुद्धी राहिली असेल तर ते आतून तडकत जातं, आणि त्यावर इलाज नाही.

पैसे घालण्यापूर्वी पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. एचओचा मोठा लेआउट चालताना बघितला की आपल्याला गाडी पाहायची आहे की देखावा, हे मनाला चटकन कळतं.

तरीही ठरत नसेल, तर माझी शिफारस एचओई आहे. भिंतीलगत ६ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी, त्यावर ९ मिमीच्या रुळाचं एक छोटं नॅरोगेज स्टेशन: आरग म्हणा, बेळंकी म्हणा, कवठेमहांकाळ म्हणा. एक फलाट, तीन सांधे, एक मालधक्का, मागे उसाचं शेत. नॅरोगेजचे डबे आखूड, त्यामुळे २५ ते ३० सेंमीचं वळणही शोभून दिसतं. चेसिस एनची, म्हणजे जपानी दालन खुलं. शरीर एचओचं, म्हणजे कार्डशीट आणि पट्ट्यांतून हाताने घडवता येण्याइतकं मोठं. आणि गेज आपल्या ब्रॉडगेजच्या मॉडेलपेक्षा कितीतरी अचूक. पुढे खोली मिळाली तर शेजारी १६.५ मिमीचा रूळ टाकून त्याच फळीचं मिरज करता येतं, आधीचं काहीही फेकून न देता. सुरुवातीला एक चेसिस, दीड-दोन मीटर रूळ, एक सांधा आणि १२ व्होल्टचा साधा कंट्रोलर एवढंच मागवा. डिजिटलचा विचार दुसरं इंजिन आल्यावर करा.